नऊ तास, सहा मिनिटं, सात सेकंद

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये
टेबलावर एक चिप आहे, चिंचोक्याहून लहान.
दोन हजार अठ्ठेचाळीस बाइट, एवढीच तिची आठवण.
आमच्या गल्लीतल्या वाण्याच्या
याहून जास्त लक्षात राहतं.

कीर्तिभाई म्हणतात, चालशे.
सोल्डर जरा कोरडं बसलं, चालशे.
कागदावर तारीख राहिली, चालशे.
मी तरी कुठून आले? दांडिया बाजारातच वाढले,
घरात 'चालेल', दारात 'चालशे',
दोन भाषांनी मिळून एकच सवय लावली.

जुना पंप सी-मध्ये लिहिलेला होता.
नवजात बाळांच्या वॉर्डात सिरिंज ढकलायचा, केसाएवढी केसाएवढी,
आणि सेकंद मोजायचा, सोळा बिटांत.
बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत सगळं बरोबर.
त्याच्या पुढच्या सेकंदाला
कठड्यावरून पाय घसरावा तसा आकडा
थेट उणे बत्तीस हजारांच्या तळाशी.
कुणी ओरडलं नाही.
मोटर फिरतच राहिली,
पंपाच्या हिशेबी औषध अजून सुरूच झालं नव्हतं.

रात्री दहाला लावलेला.
सकाळी सात वाजून सहा मिनिटांनी, पाळी बदलताना,
रमीलाबेन निघाल्या होत्या, खांद्याला पिशवी,
जाता जाता पडद्याकडे पाहिलं.
आ शुं?
आणि दोन बोटांनी नळी चिमटून धरली.

बाळाला काही झालं नाही.
अहवालात हे वाक्य अगदी शेवटी आहे.
मी तो अहवाल नेहमी खालून वर वाचते.

नव्या भाषेत आकड्याला आधी कुंपण घालावं लागतं:
शून्य ते शहाऐंशी हजार चारशे. एक दिवस.
पण तिच्या कंपायलरला आमची चिप माहीतच नव्हती.
मोठमोठ्या प्रोसेसरांची यादी होती, त्यात ही नाही,
जसं लग्नाच्या आमंत्रणात कामवालीचं नाव नसतं.
तीन आठवडे मी नि पार्थिव त्याला शिकवत होतो
रजिस्टर कुठं, स्टॅक कुठून खाली उतरतो,
रीसेटनंतर पहिलं पाऊल कुठं टाकायचं.
रनटाइम कापत गेलो. हीप नको. टास्क नकोत.
अपूर्णांक? तेही नकोत.
एका गुरुवारी हिरवा दिवा लुकलुकला
आणि पार्थिव चक्क रडवेला झाला, एका दिव्यासाठी.

तेव्हापासून या शेडमध्ये एकजण आहे
जो चालशे म्हणत नाही.
ओळ एकशे चौदा: किंमत मर्यादेबाहेर जाऊ शकते.
मी म्हटलं, कधीच जाणार नाही.
तो म्हणाला, ओळ एकशे चौदा.

एक जागा मात्र त्यानं कोरी सोडली.
सगळे पहारे चुकवून काही निसटलंच
तर शेवटी जिथं येऊन पडायचं, ती.
नाव तेवढं आधीच ठरलेलं: शेवटची संधी.
मोठ्या यंत्रात तिथं कुणीतरी असतं,
संदेश छापतं, माफी मागतं.
इथं वर कुणीच नाही. तुमचं तुम्ही लिहा.

लिहिलं:
मोटर थांबव. झडप मिट. बझर वाजव.
मग जागच्या जागी फिरत राहा,
माणूस येईपर्यंत झोपू नकोस.
आणि वर एक टिपण,
इथे रमीलाबेन उभ्या आहेत.
टिपणाला चिपवर एकही बाइट लागत नाही.

त्या आता निवृत्त झाल्यात, वाघोडिया रोडला राहतात.
त्यांना हे सांगायला हवं.
कोणत्या भाषेत, ते ठरत नाही.

काल रात्री दहाला पंप लावला, पाण्यावर.
कीर्तिभाई म्हणाले, घरी जा, सकाळी बघशील, चालशे.
मी थांबले.
सहाला बाहेर पहिली रिक्षा, मग पाण्याचा टँकर.
सात वाजून सहा मिनिटं.
बत्तीस हजार सातशे सदुसष्ट.
अडुसष्ट.
एकोणसत्तर.

बघण्यासारखं काहीच नव्हतं.
मी बघत राहिले.